मॅकिन्टॉश, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, बुजी की एलएमए: बॅगेत काय ठेवायचं आणि कधी काय काढायचं

तुझा प्रश्न वाचला. डीए (भूलशास्त्राचा डिप्लोमा) करून बाहेर पडलीस, आता स्वतःची बॅग घेऊन तालुक्याच्या तीन-चार नर्सिंग होममध्ये भूल द्यायला जातेस, बॅगेत मॅकिन्टॉशचे, म्हणजे घशात बघायच्या साध्या लॅरिंगोस्कोपचे, तीन आणि चार नंबरचे ब्लेड, एक स्टायलेट (नळीला आकार देणारी आतली तार) आणि एक साधी एलएमए (घशात स्वरयंत्रावर बसणारा मास्क) एवढंच आहे. सर्जन म्हणतायत व्हिडिओवाला स्कोप घ्या, तुझे जुने सर म्हणतायत हात बसलेल्या माणसाला कॅमेरा कशाला, आणि कंपनीचा माणूस म्हणतोय की एकदा हा घेतला की अवघड एअरवे (श्वासमार्ग) हा विषयच संपला. पैसे एकदाच खर्च करता येणार आहेत, तर काय घ्यावं आणि या सगळ्यांत नेमका फरक काय, असं तुला विचारायचंय.

उत्तर आधीच सांगून टाकते, मग सविस्तर लिहिते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेच. पण जिथं जातेस तिथं चालू स्थितीतला कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) नसेल तर आधी तो, मग बुजी (नळीला वाट दाखवणारी लांब लवचीक काडी) आणि सेकंड जनरेशनची एलएमए, आणि मग व्हिडिओ. घेतल्यावर तो अवघड पेशंटसाठी कपाटात राखून ठेवू नकोस, रोज वापर. कंपनीच्या माणसाचं वाक्य मात्र मनावर घेऊ नकोस, कारण श्वासनलिकेत नळी टाकायची म्हणजे दोन वेगळी कामं असतात, एक म्हणजे कॉर्ड्स (स्वरतंतू) दिसणं आणि दुसरं म्हणजे नळी त्यांच्यामधून खाली जाणं, आणि बाजारात असलेलं प्रत्येक साधन यातलं एक काम सोपं करताना दुसरं थोडं अवघड करून ठेवतं. कुठलं साधन कुठलं काम करतं हे डोक्यात पक्कं असलं की निम्मी तारांबळ तिथंच संपते.

साध्या मॅकिन्टॉशपासून सुरू करू. रॉबर्ट मॅकिन्टॉशनी हे वाकडं ब्लेड १९४३ मध्ये ऑक्सफर्डला मांडलं, त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४१ मध्ये, मिलरचं सरळ ब्लेड आलं होतं. एवढी वर्षं झाली तरी मॅकिन्टॉश टिकून आहे कारण त्याचं गणित सरळ आहे. ब्लेडचं टोक व्हॅलेक्युलात (जिभेच्या मुळाशी असलेल्या खाचेत) नीट बसवायचं, तिथला लिगामेंट ताणला की एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) आपोआप वर उचलला जातो, जीभ डावीकडे सरकलेली असते आणि तुझ्या डोळ्यापासून कॉर्ड्सपर्यंत एक सरळ रेषा तयार होते. रेषा सरळ झाली की नळी त्याच रेषेनं जाते. म्हणजे मॅकिन्टॉशमध्ये दिसणं हेच अवघड काम, एकदा दिसलं की नळी बहुतेक वेळा जातेच. आणि दिसत नसेल तर सुधारायला बरंच काही असतं, डोक्याखालची उशी नीट कर, जाड पेशंट असेल तर खांद्याखाली चादरींची रॅम्प करून कानाचं भोक आणि छातीचं हाड एका पातळीत आण, उजव्या हातानं स्वतःच बाहेरून लॅरिंक्स (स्वरयंत्र) मागे-वर-उजवीकडे ढकलून बघ आणि दिसलं की सिस्टरांचा हात तिथं ठेव. यात काहीच खर्च नाही आणि पोझिशन तर कुठल्याही स्कोपनं नळी टाकायची असली तरी लागतेच, कॅमेरा आहे म्हणून उशी न लावता सुरुवात करणारे मला अजिबात पटत नाहीत.

तू कॉर्मॅक-लिहेन ग्रेड शिकली आहेसच, १९८४ चं वर्गीकरण, पूर्ण ग्लॉटिस (कॉर्ड्समधली फट) दिसला तर एक, एपिग्लॉटिसही दिसत नाही तर चार. हे वर्गीकरण डायरेक्ट स्कोपीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय डोळ्यानं बघण्यासाठी, केलेलं आहे हे लक्षात ठेव, व्हिडिओला ते जसंच्या तसं लावलं की फसगत होते. स्क्रीनवर ग्रेड एक दिसतोय आणि नळी दोन मिनिटं बाहेरच घुटमळतेय असं सर्रास होतं, आणि केसपेपरवर फक्त 'ग्रेड एक' लिहिलं तर पुढच्या वेळी त्या पेशंटला भूल देणाऱ्याला काहीच कळत नाही. लिहायचं असं, की कुठला स्कोप, कुठलं ब्लेड, काय दिसलं, आणि नळी कितव्या वेळी, कशाच्या मदतीनं गेली.

आता व्हिडिओ. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप ही एक वस्तू नाही, त्यात तीन जाती आहेत आणि तुझ्या सर्जनना, कंपनीच्या माणसालाही बहुतेक हा फरक माहीत नसतो, म्हणून तुला तो माहीत पाहिजे. पहिली जात म्हणजे मॅकिन्टॉशच्याच आकाराचं ब्लेड आणि टोकाजवळ कॅमेरा, सी-मॅकचं नेहमीचं ब्लेड किंवा मॅकग्राचं मॅक ब्लेड. दुसरी म्हणजे खूप वाकलेलं, हायपरअँग्युलेटेड ब्लेड, ग्लाइडस्कोप किंवा सी-मॅकचं डी-ब्लेड, यातलं ग्लाइडस्कोप जॉन पेसी या कॅनडातल्या सर्जननं केलं आणि २००१ च्या सुमारास ते बाजारात आलं. तिसरी जात चॅनलवाली, एअरट्रॅक किंवा किंग व्हिजनचं चॅनलचं ब्लेड, ज्यात नळी आधीच खोबणीत बसवून ठेवायची आणि कॉर्ड्स मध्यभागी आणून पुढे ढकलायची.

पहिल्या जातीचा मोठा फायदा हा की हात तोच राहतो. जे शिकलीस तेच करायचं, फक्त डोळा ब्लेडच्या टोकाशी गेलाय. रक्त किंवा उलटी लागून लेन्स झाकली गेली तर मान खाली करून सरळ तोंडात बघता येतं, काम थांबत नाही. दुसरा फायदा असा की स्क्रीन सगळ्यांना दिसतो. बाहेरून लॅरिंक्स दाबणाऱ्या सिस्टरांना आपण दाबतोय ते बरोबर की चूक हे स्वतःला दिसतं, सर्जनना कळतं की मॅडम का थांबल्यात, आणि नळी कॉर्ड्समधून जाताना चार डोळे साक्षीला असतात. छोट्या नर्सिंग होममध्ये, जिथं दुसरा भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो, तिथं याची किंमत खूप आहे.

हायपरअँग्युलेटेडचं तसं नाही. घाटातल्या वळणावर लावलेल्या गोल आरशात पलीकडची गाडी दिसते पण आपली गाडी तर वळणावरूनच न्यावी लागते, तसं आहे हे. ब्लेड कोपऱ्यापलीकडचं दाखवतं, पुढे असलेला लॅरिंक्स, मान न हलणारा पेशंट, गळ्यात कॉलर घातलेला पेशंट, सगळ्यांत सुंदर चित्र येतं, पण डोळ्यापासून कॉर्ड्सपर्यंत सरळ रेषा कुठंच नसते म्हणून नळीला ते वळण घ्यावं लागतं. त्यामुळं इथं स्टायलेटशिवाय सुरुवातच करायची नाही, आणि स्टायलेटही ब्लेडच्या वाकासारखाच वाकवलेला, शक्य तर त्या ब्लेडसोबत येणारा कडक स्टायलेट.

हे नीट सांगते कारण नवीन लोक इथंच अडकतात. ब्लेड मध्यरेषेतून घाल, जीभ डावीकडे सारायची गरज नाही. चित्र दिसलं की हावरेपणानं आणखी पुढे जाऊ नकोस, उलट किंचित मागे ये, कॉर्ड्स स्क्रीनच्या वरच्या भागात राहू देत आणि खालचा अर्धा पडदा नळीला यायला मोकळा ठेव. जेवढं जवळ जाशील तेवढा लॅरिंक्स वर उचलला जातो आणि नळीचा कोन आणखी बिघडतो. मग नळी हातात घेतल्यावर स्क्रीन सोडून तोंडाकडे बघ, नळीचं टोक टॉन्सिलच्या पुढे, ब्लेडला चिकटून आत गेलेलं डोळ्यांनी बघ, आणि मगच परत स्क्रीनकडे ये. हा टप्पा गाळून नजर स्क्रीनवर ठेवून नळी आंधळेपणानं ढकलली की मऊ टाळूला भोक पडतं, टॉन्सिलच्या कमानीतून नळी आरपार गेलेल्या केसेस जर्नलमध्ये छापून आलेल्या आहेत. आता नळीचं टोक कॉर्ड्सच्या आत गेलं, आणि अडलं. पुढे जाईना. इथं जोर लावायचा नाही. टोक श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर टेकलेलं असतं कारण स्टायलेटनं त्याला वर तोंड करून ठेवलंय. अंगठ्यानं स्टायलेट चार-पाच सेंटिमीटर मागे काढ, टोक मऊ होतं आणि खाली वळतं, मग नळी पुढे सरकव. तरीही श्वासनलिकेच्या रिंगवर अडलं तर नळी उजवीकडे म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरव, बेव्हलचं (नळीच्या तिरक्या कापलेल्या टोकाचं) तोंड बदललं की ती घसरून आत जाते. हे सगळं लिहायला लांब वाटतं पण हात बसला की काही सेकंदांचं काम आहे. हात मात्र सोप्या पेशंटवर बसवावा लागतो.

चॅनलवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. वेगळ्या स्टायलेटची कटकट नाही, किंमत त्यामानानं आवाक्यात, पण नळी खोबणीच्या दिशेनंच जाते, म्हणजे नळी हलवून भागत नाही, सगळा स्कोपच हलवावा लागतो, आणि खोबणीमुळं ब्लेड जाड होतं म्हणून तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटमध्ये ते आतच जात नाही. आपल्याकडे हा मुद्दा छोटा नाही, पुढे येतेच त्यावर.

तुझे सर म्हणतात तसं हात बसलेल्याला खरंच गरज नाही का? मी स्वतः साध्या मॅकिन्टॉशवर वाढले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण आता आकडे बघून तसं म्हणवत नाही. २०२२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) २२२ अभ्यास आणि २६,१४९ पेशंट होते, आणि तिन्ही जातींच्या व्हिडिओ स्कोपनं नळी न जाण्याचं प्रमाण डायरेक्टपेक्षा कमी झालं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १७ इमर्जन्सी आणि आयसीयूंमध्ये मिळून झालेली 'डिव्हाइस' नावाची ट्रायल आली, १,४१७ पेशंट, पहिल्याच प्रयत्नात नळी जाण्याचं प्रमाण व्हिडिओनं ८५.१ टक्के आणि डायरेक्टनं ७०.८ टक्के. आता यावर कुणी म्हणेल की तिथं नळी टाकणारे बहुतेक सगळे शिकाऊ होते आणि पेशंट गंभीर होते, ओटीतल्या शांत पेशंटला हे लागू नाही, आणि हा आक्षेप रास्तच होता. पण २०२४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमधून ओटीतलाच अभ्यास आला, हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनचे पेशंट, ८,४२९ वेळा नळी टाकली, आणि एकापेक्षा जास्त प्रयत्न लागले ते हायपरअँग्युलेटेड व्हिडिओनं १.७ टक्के आणि डायरेक्टनं ७.६ टक्के. शंभरात सहा जणांचा फरक म्हणजे तुझ्यासारखीला दर महिन्याला जाणवेल इतका आहे. पहिल्याच प्रयत्नावर एवढा भर का, तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सूज येते, रक्त येतं, मास्कनं व्हेंटिलेट करणंही अवघड होत जातं, आणि सॅच्युरेशन पडायला तिथूनच सुरुवात होते.

तरीही मॅकिन्टॉश बॅगेतून काढू नकोस. व्हिडिओची बॅटरी उतरते, वायर तुटते, लेन्सवर वाफ धरते, उलटीनं भरलेल्या घशात कॅमेऱ्याला लाल-पिवळ्याशिवाय काही दिसत नाही. मोठं सक्शन हाताशी आणि साधा स्कोप चालू बल्बसकट उशाशी, हे रोजचंच असू दे.

बुजीबद्दल मला जास्त लिहायचंय कारण एवढ्या कमी पैशात एवढं काम करणारं दुसरं काही आपल्या धंद्यात नाही आणि तरी अर्ध्या बॅगांमध्ये ती नसते. बुजीची कल्पनासुद्धा मॅकिन्टॉशचीच, १९४९ ची. साध्या स्कोपनं ग्रेड तीन आला, म्हणजे फक्त एपिग्लॉटिस दिसतोय, तर नळी अंदाजानं मारण्यापेक्षा बुजीचं वाकलेलं टोक एपिग्लॉटिसच्या खालून मध्यरेषेत सरकव. श्वासनलिकेत गेली तर रिंगांवरून जाताना बोटांना बारीक टकटक लागते, अन्ननलिकेत गेली तर मऊ, काहीच न लागता आतच जात राहते. टकटक जाणवली की थांब, पार अडेपर्यंत खाली ढकलायची गरज नाही, त्यानं ब्रॉंकसला (फुप्फुसाकडे जाणाऱ्या फाट्याला) इजा होऊ शकते. मग नळी बुजीवरून घालताना स्कोप तोंडातून काढायचा नाही, हे फार जण विसरतात, स्कोप काढला की जीभ खाली पडते आणि नळी अडते. अडलीच तर नळी डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरव, उजव्या ॲरिटेनॉइडवर (कॉर्ड्सच्या मागच्या कूर्चेवर) अडकलेला बेव्हल सुटतो. हायपरअँग्युलेटेडसोबत मात्र साधी बुजी फारशी चालत नाही, ती वाक धरून ठेवत नाही.

सगळ्यांनाच पहिल्यापासून बुजी वापरावी का, यावर २०२१ मध्ये मोठी ट्रायल झाली, १,१०२ गंभीर पेशंट, बुजीनं पहिल्या प्रयत्नात ८०.४ टक्के आणि स्टायलेटनं ८३ टक्के, म्हणजे फरक काही नाही. त्याच्या आधी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका इमर्जन्सीत बुजी स्पष्ट सरस ठरली होती, पण तिथं ती रोज वापरायची पद्धत होती. मी यातून असा अर्थ काढते की जी वस्तू त्या टीमच्या हातात रोज असते तीच तिथं जिंकते, आणि तुझ्या हातात काय रोज असेल ते तूच ठरवायचंस.

आता एलएमए. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये तिची कल्पना काढली, १९८३ मध्ये ती छापून आली, आणि १९८८ पासून ती ब्रिटनमध्ये विकत मिळू लागली. तुझ्या बॅगेतली साधी एलएमए काढून ठेव असं म्हणत नाही, पण तिच्यात पोटातलं पाणी बाहेर काढायला वाट नाही आणि तिचं सील साधारण २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंतच टिकतं. प्रोसील, आय-जेल या सेकंड जनरेशनच्या, त्यांना गॅस्ट्रिक चॅनल असतो आणि सीलही जास्त पक्कं. आय-जेलला कफ (कडेची हवेची उशी) फुगवायची भानगड नाही, घाईत अननुभवी हातालाही ती बसते. तीन, चार आणि पाच नंबर तिन्ही ठेव. चार नंबरच्या आय-जेलमधून सात नंबरची नळी जाते, पण ती फायबरऑप्टिकवरून (बारीक लवचीक दुर्बिणीवरून) बघत टाकायची, आंधळेपणानं ढकलणं बेभरवशाचं आहे. आंधळी नळी टाकायला मुद्दाम बनवलेली एलएमए म्हणजे फास्ट्रॅक.

लोक एलएमए आणि नळी यांची तुलना करतात ती मला चुकीच्या टोकानं केलेली वाटते. ठरवून केलेल्या, उपाशीपोटी, छोट्या ऑपरेशनला एलएमए उत्तम, घसा कमी दुखतो, पेशंट शांत उठतो. भरल्या पोटाचा, आतड्याला अडथळा झालेला, रात्रीचं सीझर, तिथं नळीच. पण नळी जात नाहीये आणि सॅच्युरेशन खाली यायला लागलंय तेव्हा एलएमएचं काम ऑक्सिजन पोचवणं एवढंच असतं आणि तेव्हा भरलं पोट असलं तरी ती घालायचीच. ॲस्पिरेशन झालेला पेशंट आयसीयूतून घरी जाऊ शकतो, ऑक्सिजन न मिळालेल्याचं तसं नाही.

इथं ब्रिटनमधली २००५ सालची एक केस सांगावीशी वाटते, जगभर भूलशास्त्रात शिकवतात ती. सायनसच्या ठरलेल्या ऑपरेशनसाठी आलेली तरुण आई, एलएमए बसेना, नळी जाईना, अनुभवी डॉक्टर एकामागून एक प्रयत्न करत राहिले, सिस्टरांनी ट्रॅकिओस्टॉमीचा सेट आणून ठेवला होता तरी कुणी बाहेरून घसा कापून वाट करायला गेलं नाही, आणि काही दिवसांनी ती गेली. तिचे पती मार्टिन ब्रॉमिली पायलट होते, त्यांनी दोषारोप न करता पुढची सगळी वर्षं ओटीत माणसं ताणाखाली कशी वागतात यावर काम केलं. तिथं सामान कमी पडलं नव्हतं. म्हणून साधनं बदलत बसण्याआधी किती प्रयत्न आणि मग काय, हे आधी मोठ्यानं बोलून ठेवायचं. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची २०१५ ची गाइडलाइन तीन प्रयत्न आणि चौथा फक्त जास्त अनुभवी माणूस आला तर, असं सांगते. आपल्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची २०१६ ची गाइडलाइन इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशियामध्ये आहे, ती आपल्या परिस्थितीला जास्त जवळची, त्यात सॅच्युरेशन ९५ च्या वर असेल तरच पुढचा प्रयत्न आणि सगळा वेळ नाकातून १५ लिटर ऑक्सिजन चालू ठेवायचा, असं आहे. नाकातली ती साधी नळी काही रुपयांची असते. नीट प्रीऑक्सिजनेट केलेला (आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला) निरोगी माणूस श्वास थांबल्यावर सात-आठ मिनिटं तग धरतो, खूप जाड माणूस तीनच्या आसपास, पूर्ण दिवसांच्या गरोदर बाईचं सॅच्युरेशनही लवकर पडतं. स्कोलीन (थोड्या वेळापुरतं स्नायू ढिले करणारं औषध) दिलं म्हणजे वेळेत श्वास परत येईलच असं धरून चालू नकोस, जाड माणसात सॅच्युरेशन त्याच्या आधी खाली येतं. आणि शेवटची पायरी, म्हणजे बाहेरून घसा कापून नळी घालणं, त्यासाठी दहा नंबरचं स्काल्पेल ब्लेड, बुजी आणि सहा नंबरची कफवाली नळी एका पिशवीत बांधून भूलयंत्राला लटकवून ठेव. या तीनच वस्तू पुरतात, पण त्या शोधाव्या लागता कामा नयेत.

आता तोंड न उघडणारे पेशंट. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी सबम्युकस फायब्रोसिसचे पेशंट दर आठवड्याला समोर येतात, पंचविशीतली पोरं, गाल आतून पांढरे आणि ताठ, तोंडात स्वतःची दोन बोटंही धड जात नाहीत. यांना भूल देऊन, स्नायू ढिले केले तरी तोंड उघडत नाही कारण अडचण स्नायूत नाही, ताठ झालेल्या अस्तरात आहे. इथं मॅकिन्टॉश काय, व्हिडिओ काय, एलएमए काय, काहीच आत जात नाही, आणि ज्यांनी बेशुद्ध करून मग बघू असं ठरवलं त्यांच्या हातात शेवटी स्काल्पेलच उरतं. यांचं साधन एकच, पेशंट जागा ठेवून नाकातून फायबरऑप्टिक. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब, जागा बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा आणि स्कोपमधून पुढे जाताना थोडं थोडं सोडत जाणं, एकूण लिग्नोकेन ९ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत, आणि पेशंटशी बोलत राहणं. फायबरऑप्टिक तुझ्याकडे नाही, ठीक आहे, सगळ्यांकडे नसतो. पण मग तो पेशंट तुझ्या टेबलवर असता कामा नये, तीन बोटं तोंडात घालायला सांगून बघणं हे प्रीॲनेस्थेटिक चेकअपमध्येच व्हायला हवं आणि त्याला मेडिकल कॉलेजला पाठवायला हवं. सर्जन म्हणतील, स्पायनल (कमरेतून भूल) देऊन टाका. स्पायनल टोटल झालं (भूल वर चढून श्वास थांबला) किंवा अर्ध्यात उतरलं तर तेच तोंड आणि तोच तू घेतलेला स्कोप, हे त्यांना शांतपणे सांग. मॅलमपटी ग्रेड (तोंड उघडल्यावर आत काय दिसतं त्यावरून) काढ, १९८५ चं ते वर्गीकरण आंध्रातून बोस्टनला गेलेल्या शेषगिरी राव मॅलमपटींचं, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नकोस, मान मागे किती जाते, खालचे दात वरच्या ओठावर येतात का, हनुवटी किती मागे आहे, सगळं मिळून बघ.

आणि कॅप्नोग्राफ पहिला का, ते. नळी कशानंही टाक, ती श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत हे तुझा डोळा, छातीचे आवाज, नळीतली वाफ, यातलं काहीच खात्रीनं सांगत नाही. स्क्रीनवर आत जाताना दिसलेली नळीसुद्धा स्टायलेट ओढताना किंवा चिकटपट्टी लावताना बाहेर येऊ शकते. ब्रिटनच्या २०११ च्या नॅप-फोर या एअरवे दुर्घटनांच्या अहवालात आयसीयूमधल्या एअरवेशी संबंधित ७० टक्क्यांहून जास्त मृत्यूंमध्ये कॅप्नोग्राफ न वापरणं कारणीभूत असावं असा निष्कर्ष होता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार किमान सात श्वास कार्बन डायऑक्साइडचा टिकलेला आलेख दिसायला हवा, एकदोन लाटा येऊन विरल्या तर ती नळी अन्ननलिकेत समजायची. आलेख सपाट असेल तर ब्रॉंकोस्पाझम (श्वासनळ्या आवळणं) असेल, मशीन बिघडलं असेल, असली कारणं शोधत बसायचं नाही, नळी काढ आणि मास्कनं दे. कार्डियाक अरेस्टमध्येही छातीवर दाब चालू असताना छोटा का होईना आलेख येतो. पल्स ऑक्सिमीटर हे सगळं सांगतो पण फार उशिरा. नर्सिंग होमवाले म्हणतात कॅप्नो कशाला, सॅच्युरेशन आहे ना, तर हा फरक त्यांना समजावून सांग, मालक डॉक्टर असेल तर पटतं, आणि नाही पटलं तर साइडस्ट्रीमचा (श्वासाचा नमुना बारीक नळीनं ओढून घेणारा) छोटा हातातला मॉनिटर स्वतःच्या बॅगेत ठेव.

आता खरेदीचं. तुझ्यासाठी मी मॅकिन्टॉशच्या आकाराचं ब्लेड लागणारा व्हिडिओ स्कोप सांगेन, ज्याला त्याच हँडलवर हायपरअँग्युलेटेड ब्लेडही बसतं असा. रोज मॅक ब्लेड वापर, आठवड्यात एखाद्या सोप्या पेशंटला मुद्दाम वाकडं ब्लेड घे. कोविडच्या काळात आपल्याकडे बऱ्याच जणांनी बोअरस्कोपचा (पाइपच्या आत बघायचा) कॅमेरा ब्लेडला बांधून मोबाइलवर चित्र आणलं होतं आणि तेव्हा त्याचा आधार झाला, भारतीय बनावटीचे स्वस्त स्कोपही आता चांगले मिळतात, ब्रँडच्या नावासाठी कर्ज काढू नकोस. लहान मुलांची ब्लेडं मिळतात का ते विचार, तू हर्नियाची लहान मुलं घेतेस असं लिहिलंयस. एकदाच वापरायची ब्लेडं असतील तर दर केसचा खर्च मालकाशी आधीच बोलून घे, नाहीतर तीच ब्लेडं धुऊन परत वापरायचा आग्रह होतो आणि ती त्यासाठी बनलेली नसतात. परत वापरायच्या ब्लेडला कुठलं निर्जंतुकीकरण चालतं हे लेखी माग, काहींना ऑटोक्लेव्ह अजिबात चालत नाही आणि वॉर्डबॉय मामा सवयीनं सगळं त्यातच टाकतात.

डेमो मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) घेऊ नकोस, मॅनिकिनमध्ये सगळ्यांचीच नळी जाते. स्कोप चार दिवस ठेवून घे, सकाळच्या थंड ओटीत एसी चालू असताना लेन्सवर वाफ किती वेळात धरते ते बघ, पूर्ण चार्जवर बॅटरी किती केसेस पुरते ते बघ, खिडकीतून ऊन येणाऱ्या ओटीत स्क्रीन दिसतो का ते बघ, आणि छाती मोठी असलेल्या बाईमध्ये हँडल छातीला लागून ब्लेड आत जायला अडतं का ते आवर्जून बघ, उंच स्क्रीनवाल्या हँडलमध्ये हीच अडचण सगळ्यात जास्त येते आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.